दुर्बीण आणि विश्व: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतले विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी निरीक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत, मग मोठ्या वेधशाळांचे, शेवटी घरच्या दुर्बिणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शक्तिशाली दुर्बीण म्हणजे जास्त पटीने मोठं दाखवणारी, असंच ना?

नाही. दुर्बिणीची ताकद तिच्या मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. व्यास दोन कामं करतो. पहिलं काम प्रकाश गोळा करण्याचं. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे ४६० पट प्रकाश घेतो, २०० मिलिमीटरचा ८०० पटींहून जास्त. दुसरं काम बारकावा दाखवण्याचं. ११६ या आकड्याला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा; अगदी जवळचे दोन तारे किती अंतरापर्यंत वेगळे दिसतील ते आर्क सेकंदांत मिळतं (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी हे उत्तर ०.७७ येतं. मोठं करून दाखवणं हे आयपीसचं (डोळा लावायच्या छोट्या भिंगाचं) काम आहे आणि आयपीस कधीही बदलता येतो. व्यास बदलता येत नाही.

२. मग खोक्यावर “५०० पट” लिहिलेलं असतं ते खोटं का?

गणित खोटं नसतं, उपयोग शून्य असतो. मुख्य आरशाच्या नाभीय अंतराला (आरसा किंवा भिंग प्रकाश जिथे एकत्र आणतं तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की पट मिळते: १,२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर ४८ पट, १० मिलिमीटरचा लावला तर १२० पट. उपयोगी पटीची वरची मर्यादा मात्र व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुप्पट असते. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट म्हणजे शेवट. त्यापुढे तोच धूसर ठिपका मोठा आणि मंद होत जातो. व्यास ठळक न छापता पट ठळक छापणाऱ्या दुर्बिणीपासून चार हात लांब राहा.

३. मोठ्या दुर्बिणींत भिंग का नसतं, आरसाच का?

भिंगातून प्रकाश आरपार जातो, म्हणून ते फक्त कडेने धरता येतं. आकार वाढला की ते स्वतःच्या वजनाने वाकतं. शिवाय काच प्रत्येक रंगाला वेगळं वळवते, त्यामुळे तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झालर दिसते. अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेचं १८९७ मधलं सुमारे १०२ सेंटिमीटरचं भिंग आजही वेधशाळेतल्या भिंगाच्या दुर्बिणींत सर्वांत मोठं मानलं जातं. आरशाला मागून पूर्ण आधार देता येतो आणि तो तुकड्यांत बनवता येतो. चिलीत बांधकाम चालू असलेल्या ३९ मीटरच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा ७९८ षटकोनी तुकड्यांचा आहे.

४. मोठ्या दुर्बिणी डोंगरावरच का बांधतात? ताऱ्यांच्या जवळ जाण्यासाठी?

चार-पाच किलोमीटर जवळ गेल्याने काहीच फरक पडत नाही. अडचण हवेची आहे. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर दूरची गाडी थरथरताना दिसते, तोच प्रकार रात्री ताऱ्याच्या प्रकाशाचा होतो. साध्या जागी ताऱ्याचा ठिपका एक-दोन आर्क सेकंदांपर्यंत पसरतो. आता प्रश्न १ मधलं सूत्र लावून पाहा: एक आर्क सेकंद म्हणजे जेमतेम ११६ मिलिमीटरच्या दुर्बिणीचा बारकावा. म्हणजे अशा हवेत पाच मीटरची दुर्बीणसुद्धा तुमच्या गच्चीवरच्या दुर्बिणीपेक्षा बारीक तपशील दाखवत नाही. प्रकाश मात्र हजार पटींहून जास्त गोळा करते, म्हणून फार मंद वस्तू तिला दिसतात.

यावर एक तोड म्हणजे उंच, कोरडी, शांत हवेची जागा. लडाखमधल्या हानले इथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची आहे, तमिळनाडूत कावलूरला २.३ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण, आणि आपल्याला त्यातल्या त्यात जवळची म्हणजे जुन्नर परिसरातली, आयुका संस्थेची गिरावलीची २ मीटरची. दुसरी तोड यांत्रिक आहे. सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरावर लेसर मारून कृत्रिम तारा तयार करतात, तो कसा थरथरतो ते मोजतात आणि एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा उलट दिशेने वाकवून ती थरथर काढून टाकतात.

५. मग सरळ अवकाशातच सगळ्या दुर्बिणी का पाठवत नाहीत?

खर्च, आकार आणि दुरुस्ती. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी गेली आणि तिची चित्रं अस्पष्ट आली. २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट घासली गेली होती, केसाच्या जाडीच्या छोट्याशा अंशाइतकी. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारक आरसे बसवले, कारण ती काहीशे किलोमीटरवरच होती. जेम्स वेब दुर्बीण (२५ डिसेंबर २०२१) पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे कोणी जाऊ शकत नाही, म्हणून घडी घातलेला ६.५ मीटरचा आरसा आणि पाच पदरी सावलीचा पडदा पहिल्याच प्रयत्नात उलगडणं भाग होतं.

तरीही काही प्रकाशासाठी पर्यायच नाही. क्ष-किरण, बहुतेक अतिनील आणि बराचसा अवरक्त प्रकाश हवा जमिनीपर्यंत येऊ देत नाही. भारताची ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला अतिनील आणि क्ष-किरणांसाठीच गेली. वेब अवरक्त पाहते, आणि गरम वस्तू स्वतःच अवरक्त प्रकाश टाकते, म्हणून तिला उणे २२३ अंश सेल्सियसखाली थंड ठेवावं लागतं.

६. खोडदच्या त्या जाळीच्या ताटल्यांतून काय दिसतं? त्यांना तर आरसाच नाही.

जाळी हाच आरसा. रेडिओ लहरींची लांबी सेंटिमीटर-मीटरमध्ये असते, त्यामुळे भोकं तिच्यापेक्षा पुरेशी लहान असली की लहर परततेच. वजन आणि वाऱ्याचा दाब दोन्ही वाचतात. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या आहेत: १४ मध्यभागी एकत्र, १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हा प्रकल्प उभा केला.

इतक्या ताटल्या का, हे आकड्यांतून कळतं. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर एकट्या ताटलीने पाहिली तर बारकावा चंद्राच्या अर्ध्या बिंबाएवढाच मिळतो. २५ किलोमीटर अंतरावरच्या ताटल्यांचे संकेत जोडले की तोच सुमारे दोन आर्क सेकंदांवर येतो. जागा तिथे का निवडली? रेडिओ गोंगाट कमी, वारा बेताचा, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून इतकं दूर की आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) फार खवळत नाही, तरी दक्षिणेचं बरंचसं आकाश हाती राहतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास (२८ फेब्रुवारी) तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळेची सहल न्यायची तर तोच मुहूर्त.

७. “दुर्बिणीतून भूतकाळ दिसतो” म्हणजे नक्की काय?

प्रकाशाला यायला वेळ लागतो, एवढंच. चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा दिसतो, सूर्य ८ मिनिटं २० सेकंदांपूर्वीचा, देवयानी दीर्घिका २५ लाख वर्षांपूर्वीची. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, आणि महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिका वेबने टिपल्या आहेत. वाटेत विश्व प्रसरण पावत गेल्यामुळे त्यांच्या प्रकाशाची लहर जवळजवळ १५ पट ताणली गेली. निघताना ०.१२ मायक्रॉनचा अतिनील असलेला प्रकाश पोहोचताना १.८ मायक्रॉनचा अवरक्त झाला. हबलला त्या दीर्घिका दिसेनात आणि वेबला दिसल्या, त्यामागे आरशाच्या व्यासाइतकंच हेही कारण आहे.

८. प्रकाश १,३५० कोटी वर्षं चालत आला, म्हणजे ती दीर्घिका तितकेच प्रकाशवर्ष दूर आहे ना?

इथे भलेभले चुकतात. प्रकाश प्रवासात असताना मधलं अंतर वाढत राहिलं. ती दीर्घिका आज ३,३०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे. म्हणूनच विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं असूनही दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षं निघते.

९. तारा कशाचा बनलाय हे तिथे न जाता कसं कळतं?

प्रकाशाचा वर्णपट काढून. मोठ्या दुर्बिणींचा पुष्कळ वेळ चित्रं काढण्यात जात नाही, यातच जातो. प्रत्येक मूलद्रव्य ठरलेल्या तरंगलांबीवर रेषा उमटवतं. रेषा जागेवरून सरकल्या असतील तर ताऱ्याचा वेग कळतो, रुंद झाल्या असतील तर त्याचं फिरणं आणि दाब. वर्णपटासाठी प्रकाश शेकडो फाळ्यांत वाटला जातो, म्हणून प्रत्येक वाट्याला पुरेसा यावा यासाठी मोठा आरसा लागतो.

या विद्येच्या सुरुवातीच्या मोठ्या दिवसांपैकी एक आपल्या शेजारी घडला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल तेव्हाच्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आले होते. ऑगस्ट महिना, ढग असणारच. तरी मिळालेल्या फटीतून त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या, म्हणजे त्या ज्वाला वायूच्या आहेत हे ठरलं. त्याच ग्रहणात गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनीही हेच पाहिलं. त्या ज्वालांतली पिवळी रेषा सोडियमची नसल्याचं पुढे लक्षात आलं आणि त्या नव्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं.

१०. वेबची चित्रं रंगीत, मग आमच्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ राखाडी का?

मंद प्रकाशात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. तेजोमेघ राखाडी, फार तर हिरवट दिसणार. त्यात दुर्बिणीचा दोष नाही. कॅमेरा मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवतो, म्हणून त्याला रंग मिळतात. वेबचे रंग तर नेमून दिलेले असतात, कारण अवरक्त डोळ्याला दिसतच नाही: लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा. क्रम खरा, छटा निवडलेल्या. ताऱ्यांना फुटलेले सहा मोठे काटे षटकोनी आरशामुळे येतात. हबलच्या ताऱ्यांना चार असतात.

११. इतक्या मोठ्या दुर्बिणी आहेत तर चंद्रावरचा झेंडा का दाखवत नाहीत?

हिशेब करून पाहा. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. तिथली एक मीटरची वस्तू वेगळी दिसायला दोनशे मीटरहून मोठ्या व्यासाचा आरसा लागेल, तोही हवेची थरथर नसताना. हबलला चंद्रावर साधारण ९० मीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही. अपोलो यानांचे उरलेले भाग टिपले आहेत ते चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी, जवळून.

१२. मग कृष्णविवराचा फोटो कसा निघाला?

प्रश्न ६ मधली जोडणी पृथ्वीभर ताणून. अनेक खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणींनी १.३ मिलिमीटरची लहर एकाच वेळी, अणुघड्याळांनी वेळ लावून नोंदवली. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की इंटरनेटने न पाठवता हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र १० एप्रिल २०१९ ला आलं, आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्याचं १२ मे २०२२ ला.

१३. राहू-केतू दुर्बिणीतून दिसतात का?

नाही. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू. तिथे वस्तू नाही.

१४. आमच्या भागात कुठून आणि केव्हा पाहावं?

बेळगाव शहरातून चंद्र, ग्रह आणि जोडतारे व्यवस्थित दिसतात. दीर्घिका आणि तेजोमेघांसाठी चोर्ला रस्त्याने जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या बाजूला जा. अंधार उत्तम, पण तिथे धुकं लवकर उतरतं आणि पाऊसही लांबतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री थांबू नका. गवे आणि अस्वलं आहेत. पूर्वेकडे सौंदत्ती-रामदुर्गच्या पट्ट्यात पाऊस कमी, म्हणून पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना तिथे जास्त रात्री मिळतात. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडणीच्या हंगामात पाचट पेटलेलं असलं की क्षितिजावर धुराचा पडदा राहतो. त्या दिवसांत डोक्यावरचं आकाश पाहा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हमखास हंगाम, अमावास्येच्या आगेमागे. पण एप्रिल-मे सोडू नका. आपण १६ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत, त्यामुळे दिल्लीकरांना जे जेमतेम दिसतं ते आपल्याला नीट वर येतं. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला १४ अंश उंचीवर असतो, आणि सव्वादहाच्या पुढेमागे ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ सुमारे २६ अंशांवर. वळीव पडून गेल्यानंतरची रात्र धूळ बसल्यामुळे फार स्वच्छ असते.

१५. शहरातच राहतो. मोठी दुर्बीण घेतली तर अंधाराची उणीव भरून निघेल?

तारे आणि ग्रहांसाठी बऱ्याच अंशी हो. दीर्घिकांसाठी नाही. पसरलेली वस्तू कुठल्याही दुर्बिणीतून उघड्या डोळ्यापेक्षा जास्त उजळ दिसू शकत नाही, फक्त मोठी दिसते. आणि तिच्यामागचं उजळलेलं आकाशही तितकंच वाढतं. कणकुंबीला ८० मिलिमीटरची दुर्बीण देवयानी दीर्घिका जितकी छान दाखवेल, तितकी शहराच्या मध्यात २०० मिलिमीटरची दाखवणार नाही. पैसे मर्यादित असतील तर आरशाइतकाच पेट्रोलचाही विचार करा.

१६. पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

आधी १०×५० ची (१० पट, ५० मिलिमीटर व्यासाची) द्विनेत्री: कृत्तिका, गुरूचे चार चंद्र (हात टेकवून), चंद्रावरची विवरं. मग १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी फिरत्या पेटीवर बसणारी आरशाची दुर्बीण. स्वस्त, डगमगणाऱ्या तिपाईवरची मोटरवाली दुर्बीण पहिल्यांदा तरी नको. शनीची कडी ३० पटीला दिसू लागतात. २०२५ मध्ये त्यांची कड आपल्याकडे होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील.

१७. नवी दुर्बीण, तरी गुरू पुसट दिसतो. काय चुकतंय?

या क्रमाने तपासा. दुर्बीण घरातून काढून ३०-४५ मिनिटं बाहेर ठेवली का? आरसा हवेपेक्षा गरम असेल तर नळीतच वाफा उठतात. गच्चीवर आहात का? दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. अंगण किंवा गवत बरं. शेजारच्या पत्र्यावरून पाहताय का? खिडकीच्या काचेतून तर नाही ना? मग २५ मिलिमीटरच्या आयपीसने सुरू करा आणि पट हळूहळू वाढवा.

एवढं करूनही पुसटच असेल तर आरसे सरळ रेषेत नाहीत. मध्यम तेजाचा तारा मध्यभागी आणून फोकस थोडा बिघडवा. वर्तुळं एकात एक समकेंद्री दिसायला हवीत; काळा ठिपका एका बाजूला सरकलेला असेल तर मुख्य आरशामागचे तीन स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवत, तारा पुन्हा मध्यात आणत जुळवा. जीपमधून खडबडीत रस्त्याने नेल्यावर हे दर वेळी करावं लागतं. भिंगाच्या दुर्बिणीवर दव साचलं तर पुसू नका. पुढे व्यासाच्या दीडपट लांबीची काळी फोमची नळी गुंडाळा.

१८. पावसाळ्यात भिंगावर जाळं आलं. निघेल का?

ती बुरशी. कोवळी असेल तर निघते, मुरली की काचेवरचा लेप खाऊन खूण ठेवते. खानापूर-लोंढ्याकडे जून ते सप्टेंबर ही लागण ठरलेलीच. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक टाका. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर एक-दोन तास भाजून पुन्हा वापरा. मोठी नळी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत अडकते. कपाटात झिरो बल्ब लावून ठेवणं जास्त चांगलं. आरशावरची धूळ मात्र सहसा राहू द्या. धुवायचाच तर ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि घासणं अजिबात नाही.

१९. विषुववृत्तीय बैठकीचं (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या बैठकीचं) वजन तिपाईच्या पायाला आदळतं. बैठक बिघडली आहे का?

नाही, अक्षांश कमी आहे. ध्रुवतारा आपल्याकडे १६ अंशांवरच असतो, त्यामुळे बैठकीचा अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि वजनाचा दांडा उत्तरेकडच्या पायावर येतो. तिपाई अशी फिरवा की उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येईल. घरं-झाडांमुळे ध्रुवतारा दिसतच नसेल तर दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या ताऱ्याचं सरकणं पाहून अक्ष जुळवावा.

२०. सूर्य पाहण्यासाठी आयपीसवर लावायची काळी काच मिळाली आहे. चालेल?

फेकून द्या. ती फोकसजवळ बसते, तापून तडकते आणि डोळा जातो. फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, एक लाखांश प्रकाश सोडणारा, आणि वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने पक्का केलेला. दर वेळी लावण्याआधी उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं तपासा. नळीवरची छोटी शोधक दुर्बीण झाकायला विसरू नका.

२१. आमच्या २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह सापडेल?

नवा सापडणं अवघड, ओळखीचा मोजणं शक्य. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना (याला संक्रमण म्हणतात) ताऱ्याचं तेज किंचित उतरतं. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर ०.००८ टक्के, गुरूएवढा ग्रह गेला तर एक टक्का. एचडी १८९७३३ या ताऱ्याचं तेज दर २.२ दिवसांनी दोन टक्क्यांहून जास्त उतरतं, आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो. माग ठेवणारी बैठक आणि कॅमेरा लागेल. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत साचून कॅमेरा भरून जाणार नाही; तरीही भरत असेल तर उघडझाप आखूड करा. संक्रमण पावणेदोन तासांच्या आसपास चालतं, त्याच्या आधी आणि नंतर एकेक तास धरून सलग चित्रं घ्या आणि त्याच चौकटीतल्या दोन-तीन शेजारच्या ताऱ्यांशी तेजाची तुलना करा. पातळ ढग आला तर सगळ्यांचंच तेज उतरतं. फक्त एकाचं उतरलं तरच तो ग्रह.